रुमालाखालचा विषय

१६ जुलै २०१७, दिग्रस

नवी रोजनिशी. नवा माणूस.

विषय इथे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालतात, बोटं धरून भाव करतात. आजूबाजूच्या शंभर माणसांना कळत नाही काय चाललंय. त्या बोटांच्या भाषेवर माझी पीएच.डी. होणार. अख्ख्या जगात कुणाला सुचलेलं नाही. मला सुचलं, कारण बा, म्हणजे माझे वडील धरमसिंग राठोड, आयुष्यभर दिग्रसच्या बैलबाजारात दलाल होते. हा विषय माझ्या रक्तात आहे. अभ्यासाची गरज नाही, फक्त लिहून काढायचं आहे.

परिस्थिती अशी. विद्यापीठाच्या समितीने माझा विषय दोनदा परत पाठवलाय. पहिल्यांदा शेरा 'अस्पष्ट', दुसऱ्यांदा 'अधिकच अस्पष्ट'. त्यांना काय माहीत, मी मुद्दाम अस्पष्ट ठेवला होता. समितीत पाच माणसं, प्रत्येकाचे दहा-दहा विद्यार्थी. विषय चोरीला जायला किती वेळ लागतो? फेब्रुवारीत तिसरी आणि शेवटची संधी. प्राचार्य म्हणाले, रजिस्ट्रेशन झालं तर पुढच्या वर्षीही समाजशास्त्राचे तास तुमचेच. नाही झालं तर जाहिरात काढावी लागेल. तासिका तत्त्वावर नऊ वर्षं काढलेल्या माणसाशी कसं बोलावं हे प्राचार्यांना कळत नाही.

गाइड सर म्हणाले, आधी पूर्वसंशोधनाचा आढावा घ्या. स्कॉलरवर शोधा. स्कॉलर म्हणजे गूगलचंच एक अंग, त्यात फक्त संशोधनाचे लेख निघतात. रोज दहा लेख वाचायचे ठरवलं. फेब्रुवारीपर्यंत दोन हजार होतील. गाइड सरांनीही एवढे वाचले नसतील.

१८ जुलै

काल लाइट नव्हती. परवाचे, कालचे आणि आजचे मिळून तीस लेख उद्या.

२० जुलै

कॉलेजचे ग्रंथपाल अरसलान सर चांगला माणूस. पण भोळा. त्यांना विचारलं, आपण स्कॉलरवर जे टाकतो ते कुणाला दिसतं का? म्हणाले, गूगल लक्षात ठेवतं सगळं. बस. मला हवं ते कळलं.

पुढे तेच म्हणाले, "देवीलालभाऊ, जे पायजे ते सरळ टाका ना. नाव घेतल्याशिवाय कसं सापडन?"

मी नुसता हसलो. अरसलान सर दलालाच्या घरात जन्मले नाहीत. आमच्या घरातलं पहिलं शास्त्र: सौद्यात जो आधी बोलला तो मेला. ज्याला काळा बैल घ्यायचा असतो, तो आधी पांढऱ्याचे दात पाहतो, तांबड्याला चालवून पाहतो, मग चहा पितो, आणि जाता जाता काळ्याकडे बोट दाखवून 'हे काय बाजारात आणलं होय' म्हणतो. शोधही असाच घ्यायचा. विषयाच्या भोवती फिरायचं. विषय तोंडातून काढायचा नाही.

२३ जुलै

आज प्रत्यक्ष सुरुवात. 'बैल' नाही, 'बाजार' नाही. 'हात' आणि 'कापड' एवढंच टाकलं, इंग्रजीतून. दवाखान्यातल्या नर्सेसनी हात कसे धुवावेत यावर भरपूर लेख निघाले. बारा उतरवून घेतले. मग 'बोटांच्या खुणा' टाकलं. माकडं निघाली. तीही घेतली. मग 'कापडाखाली' टाकलं, तर कुठला टॉवेल किती पाणी पितो यावर एका तुर्की माणसाचं मोठं काम आहे.

वाया काही जात नाही. फोल्डर केला: 'वाचायचे'.

५ ऑगस्ट

मोठा शोध लागला. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेले सगळे लेख वगळले जातात. नर्स वजा केली, माकड वजा केलं, टॉवेल वजा केला. एकदम स्वच्छ.

मग डोक्यात वीज चमकली. बैल पण वजा केला. बाजार वजा केला. दलाल वजा केला. आता गूगलच्या वहीत काय नोंद होणार? या माणसाला बैलात काडीचा रस नाही. आणि मजा बघा, पुढची पाच पानं चाळली, बैलबाजारावर एकही लेख नाही. एकही! म्हणजे क्षेत्र मोकळं आहे. याला संशोधनाची पोकळी म्हणतात. गाइड सरांना पोकळी फार आवडते.

बायकोला, वर्षाला, फोन करून सांगितलं. ती पांढरकवड्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिथेच खोली करून राहते, शनिवारी दिग्रसला येते. ती म्हणे, "बैल वजा करून बैल कसा सापडन?" शिक्षकांना संशोधनातलं कळत नाही, त्यांना अभ्यासक्रम असतो.

२१ ऑगस्ट, पोळा

तांड्यावर गेलो. बांची स्वतःची बैलजोडी आता नाही, तरी चुलत्याच्या जोडीला त्यांनीच सजवलं. याडीने, म्हणजे आईने, पुरणपोळी केली होती. जेवल्यावर बा खाटेवर बसले आणि म्हणाले, "कायचा अभ्यास चालू हाये तुहा? मोबाइलवर तं लय बोटं चालून राह्यले."

मी म्हणालो, सामाजिक. बांनासुद्धा विषय सांगितलेला नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाजारात मुका, ओट्यावर बोलका, असा माणूस. आज तांड्याला सांगतील, उद्या पुसदपर्यंत जाईल.

ते बाजारातल्या जुन्या गोष्टी सांगायला लागले होते. एका सौद्यात म्हणे रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात थरथरला आणि बांनी भाव तिथेच ओळखला. मला खरं तर ऐकायचं होतं. पण 'वाचायचे' फोल्डरमधला शोधतंत्रावरचा एक महत्त्वाचा लेख त्याच दिवशी वाचायचं ठरवलं होतं. शिस्त मोडली की संपलं. उठलो.

लेख पोर्तुगीज भाषेत निघाला.

९ सप्टेंबर

नवी सोय सापडली. एखाद्या शब्दावर इशारा लावून ठेवला की त्यावर जगात कुठेही नवा लेख आला की ईमेल येतो. संशोधक झोपला तरी संशोधन चालू. अर्थात खऱ्या विषयाचा इशारा लावला नाही. ईमेल पोस्टकार्डासारखा असतो, वाटेत कुणीही वाचू शकतो. टॉवेलचा लावला.

१६ सप्टेंबर

टॉवेलचे रोज ईमेल येतात. जगात टॉवेलवर इतकं चाललंय याची कल्पना नव्हती. वर्षाने माझ्या मोबाइलवर पाहिलं आणि म्हणे, "तुमी टॉवेलवर पीएच.डी. करून राह्यले का?" मेव्हणा बबलू तिथेच होता. तो तेव्हापासून मला डॉक्टर टॉवेल म्हणतो. हे सहन करायचं ठरवलं आहे. रजिस्ट्रेशन झालं की बबलूशी बोलेन.

इशारा बंद कसा करायचा ते सापडत नाही.

२ ऑक्टोबर

सुट्टी. आख्खा दिवस शोधाला दिला. एका लेखाखाली 'याचा आधार घेणारे' म्हणून दुसऱ्या लेखांची यादी असते. त्यावर टिचकी मारत जायचं, बापाकडून लेकाकडे, लेकाकडून नातवाकडे. वंशावळच. सकाळी सुरुवात केली मुक्या व्यापारावरून, म्हणजे न बोलता माल बदलणारे लोक. तिथून जपानच्या मासळी लिलावावर. तिथून मासळीवर. संध्याकाळी मासे झोपतात का या प्रश्नावर होतो. झोपतात, डोळे उघडे ठेवून. मला हे माहीत नव्हतं.

नवा फोल्डर: 'नक्की वाचायचे'.

२७ ऑक्टोबर

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं, वर्ग अर्धा रिकामा. कापसाची वेचणी. जे आले त्यांची तोंडं उतरलेली. भागीरथा नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते. ती म्हणे, "सर, बोंड वरून चांगलं दिसते, अन् फोडलं का आत गुलाबी अळी." सगळ्या शिवारात तेच आहे म्हणतात. गेल्या महिन्यात फवारणीने माणसं दवाखान्यात गेली, आता हे.

मन लागलं नाही. तरी तीन लेख उतरवले.

८ नोव्हेंबर

अडचण. एक लेख मिळाला, दक्षिण अमेरिकेतल्या गुरांच्या बाजारावरचा. माझ्या विषयाच्या बराच जवळ. उघडायला गेलो तर नुसता सारांश दिसतो, पूर्ण लेखाला डॉलर मागतात. डॉलर!

अरसलान सरांना (विषय न सांगता) विचारलं. ते म्हणाले, "लेखकाले ईमेल टाका. खुशीनं देतात, फुकट. त्यायले कोणी वाचणारा भेटला का आनंद होते." मला हे पटत नाही. मागितलं की भाव वाढतो, ही साधी गोष्ट आहे. शिवाय ईमेलखाली माझं नाव जाणार. मग तो विचार करणार, दिग्रसचा देवीलाल राठोड गुरांच्या बाजारावरचा लेख का मागतो? आणि संपलं.

नाही मागणार. सारांशातून बराच अंदाज येतो.

२५ नोव्हेंबर

आज माझा सन्मान झाला. मी नेहमी लॅपटॉपसमोर दिसतो म्हणून प्राचार्यांनी मला 'संशोधनासाठी शोध कसा घ्यावा' यावर विद्यार्थ्यांना व्याख्यान द्यायला सांगितलं. कुणाला न सांगताही लायकी दिसतेच.

फार छान बोललो. लांबलचक वाक्य टाकू नका, मोजके नेमके शब्द टाका. एकाच गोष्टीला तीन नावं असतात, तिन्ही टाकून पाहा. चांगला एक लेख सापडला की त्याच्या शेवटची संदर्भसूची वाचा, निम्मं काम तिथेच होतं. लेखकाला निःसंकोच ईमेल करा. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं उतरवून ठेवणं. वाचा! टाळ्या पडल्या. वीस-बावीस मुलं होती, बाकीची शेतात.

मग भागीरथा उभी राहिली. "सर, तुमचाच विषय टाकून दाखवा ना."

मी म्हणालो, नेट गेलं. मागे अरसलान सर मोबाइलवर काहीतरी पाहत होते, त्यांनी मान वर केली. नेट गेलं नव्हतं. पण त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. सज्जन माणूस.

१२ डिसेंबर

बांचा फोन. दुपारी, बाजारातून. मागे इतका गलका की अर्धं कळलं नाही. म्हणाले, "एकडाव येऊन जाय. असा बाजार म्या जिंदगीत पाह्यला नाई. बैलच बैल, घेणारा कोणी नाई. रुमाल टाकाले कोणाचा हातच भेटून नाई राह्यला." कापूस गेला, लोकांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातले, आता बैल काढतायत.

बा आता धंदा करत नाहीत, पण बाजाराच्या दिवशी त्यांना घरी राहवत नाही. बाजार कॉलेजपासून फार लांब नाही. मी म्हणालो, आढावा पूर्ण झाला की प्रत्यक्ष पाहणी, असा क्रम असतो बा. ते म्हणाले बरं. फोन लगेच ठेवला नाही. मीच ठेवला.

तिसरा फोल्डर केला: 'खरंच वाचायचे'.

३१ डिसेंबर

वर्षाखेरीचा हिशेब नको. नव्या वर्षाचा संकल्प: १ जानेवारीपासून रोज पंधरा लेख.

६ जानेवारी २०१८

गाइड सर चिडले. म्हणाले, राठोड, मलाच विषय माहीत नसेल तर सही कशावर करू? यवतमाळला त्यांच्या घरी गेलो, दार लावून घेतलं आणि सांगितला. खिडकी उघडी होती, ती नंतर लक्षात आली.

सर म्हणाले, विषय चांगला आहे की. मग हे सहा महिने लपवलंत कशाला? आणि यावर आधी काम झालेलं नाही, याची खात्री केलीत ना? मी म्हणालो, शंभर टक्के. त्यांनी इंग्रजीत दोन ओळींचं भारदस्त शीर्षक करून दिलं. पंचवीसेक शब्द, मध्ये दोन कोलन. वाचताना धाप लागते. अस्पष्ट म्हणायची आता कुणाची हिंमत नाही.

१४ जानेवारी, पांढरकवडा

संक्रांतीला वर्षाकडे आलो. खात्री करायची म्हटलं तर एकदा तरी खरा विषय टाकावा लागणार. माझ्या मोबाइलवरून नाही. दिग्रसमधून तर नाहीच. इथे हैदराबाद हायवे, हजार ट्रकवाले येतात-जातात, कोण कुठला कुणाला कळतं? वर्षाचा मोबाइल घेतला, नोंद न राहणारी खिडकी उघडली, सरांचं आख्खं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकलं.

निकाल: शून्य.

शून्य! नाचावंसं वाटलं. चित्र काढून ठेवलं पडद्याचं. समितीपुढे हेच पहिलं पान.

वर्षा तीळ भाजत होती. तिथूनच म्हणे, "एवढं मोठं वाक्य अवतरणात टाकलं तं कोणाचंच काई निघणार नाई. तुमी पोरायले काय शिकवलं होतं?" आणि हात पुसून मोबाइल घेतला, 'बैलबाजार, रुमाल, बोटं' असं टाकायला लागली. मी हिसकावून घेतला. हे मी करायला नको होतं. पडला नाही, पण ती पुन्हा तीळ हलवायला लागली.

मग म्हणे, "कोणापासून लपवून राह्यले तुमी? मले तं वाटते तुमाले सापडाची भीती हाये." आणि थोड्या वेळाने, "तास गेले तं गेले. इकडं या. पांढरकवड्यात बी माणसं राह्यतात."

प्रेमाने म्हणाली असेल. पण तास जाणार नाहीत. माझ्याकडे शून्य आहे.

१० फेब्रुवारी

सादरीकरण तयार. सोळा पानं, त्यातली चार शून्याबद्दल. अरसलान सर म्हणाले, एकदा मला दाखवा, दोन मिनिटं शोधून देतो. त्यांना चहा पाजला. विषय नाही सांगितला.

२२ फेब्रुवारी, रात्रीच्या एसटीत, यवतमाळ ते दिग्रस

झालं.

क्रमाने लिहितो म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

माझा नंबर दुपारी लागला. समितीत पाच जण, कोपऱ्यात माझे गाइड सर. विषय सांगितला आणि एका मॅडम पुढे झुकून ऐकायला लागल्या. अध्यक्ष म्हणाले, वा, हे आपल्या भागातलं आहे. मला तेव्हाच वाटलं, झालो पास. मग मी शून्याचं पान लावलं आणि म्हणालो, जगात कुठेही, कुणीही, यावर आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

अध्यक्षांनी विचारलं, कसं शोधलं? मी सांगितलं. त्यांनी समोरचा कीबोर्ड ओढला, तीन शब्द टाकले. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. पहिलाच लेख. डॉ. आरिफा कोणी, हैदराबादच्या, २०१४. 'विदर्भातल्या एका बैलबाजारातील गुप्त सौदेपद्धती'. त्याखाली त्याचा आधार घेणारे लेख. त्याखाली आणखी. विद्यापीठाला सगळं फुकट उघडतं, त्यामुळे त्यांनी लेख उघडला आणि सावकाश खाली सरकवत वाचायला लागले. दिग्रस. बाजाराचा नकाशा. बोटांचे तक्ते. मग म्हणाले, प्रमुख माहितीदाते, धरमसिंग राठोड. आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "राठोड, हे कोण? तुमचे नातेवाईक?"

मी म्हणालो, नाही सर. आमच्यात राठोड भरपूर आहेत.

का म्हणालो ते कळत नाही. तोंडातून निघून गेलं. त्या क्षणी वाटलं, बा माझे नाहीत म्हटलं तर विषय माझा राहील. असलंच काहीतरी.

त्यांनी पान आणखी खाली सरकवलं. फोटो होता. बा खुर्चीवर, समोर एक बाई, दोघांच्या हातांवर पांढरा रुमाल. मागे मोटारसायकलवर एक जण बसलाय, मान खाली, मोबाइलमध्ये. फोटोखाली लिहिलेलं: धरमसिंग राठोड, पुत्र देवीलाल यांच्यासह.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मला तेव्हा आठवलं. २०१२. दिग्रसच्या स्टँडवरून त्या बाईंना मीच तांड्यावर सोडलं होतं. बांनी सांगितलं होतं, पाहुण्या आहेत, घेऊन ये. मी आणलं आणि दिवसभर मोबाइल बघत बसलो. कशासाठी आल्यात ते विचारलंसुद्धा नाही.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, तुमचे वडील यात आहेत, मग यात काय नाही ते तुम्हालाच सगळ्यात जास्त माहीत असणार. यांनी काय सोडलं, तेवढं सांगा. एक मुद्दा सांगा, आम्ही विषय मंजूर करतो.

एक मुद्दा. मी लेख वाचलेला नव्हता. बांनाही कधी विचारलेलं नव्हतं. माकडांबद्दल सांगू शकलो असतो.

गाइड सर माझ्याबरोबर बाहेर आले नाहीत.

२ मार्च, धुळवड, तांडा

प्राचार्यांचा फोन आलेला नाही. यायची गरजही नाही. कालच्या पेपरात जाहिरात आली.

तांड्यावर सकाळपासून लेंगी चाललीय, डफ आणि गाणी. वर्षा कालच आली, याडीला स्वयंपाकात मदत करतेय. माझ्याशी नीट बोलते, आणि तेच जास्त लागतं.

बांना सांगावंच लागलं. ओट्यावर रंग धुवत बसले होते. म्हणालो, रुमालाखालचे सौदे हा माझा विषय होता, तो गेला. त्यावर आधीच एकांनी लिहिलंय, हैदराबादच्या बाईंनी. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

बा उठून उभे राहिले. "म्हंजे छापलं तिनं? खरंच छापलं? माह्यं नाव हाये त्याच्यात?"

मी म्हणालो, आहे. फोटो पण आहे. विद्यापीठात मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिला.

ते एवढे खूश झाले की याडीला हाक मारली, चुलत्याला हाक मारली, डफवाल्यांना थांबवलं. सगळ्यांना सांगितलं, विद्यापीठात माहा फोटो दाखवला. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "मंग सायब लोक काय म्हणे? तू सांगतलं ना त्यायले, हा माहा बाप हाये म्हणून?"

मी म्हणालो, हो सांगितलं.

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. तिला मी खरं सांगितलेलं आहे. ती उठून आत गेली.

मला स्वतःची लाज वाटते. दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

आता बा म्हणतायत, दाखव. मोबाइलवर काढला. तीन शब्द टाकले, माझ्याच मोबाइलवरून, उघड, सगळा तांडा भोवती उभा. लगेच निघाला. पण इथे नुसता सारांश उघडतो. फोटो पूर्ण लेखात आहे आणि तो बंद. खाली एक बटण आहे, लेखिकेकडे पूर्ण लेख मागा. ते दाबलं. चौकट उघडली, त्यात तयार इंग्रजी मजकूर होता, आपण या क्षेत्रातील संशोधक असून वगैरे. तो पुसून टाकला. कारण लिहा, असं म्हणत होतं.

मराठीतच लिहिलं. "मॅडम, या लेखातले धरमसिंग राठोड माझे वडील आहेत. त्यांना लेख पाहायचा आहे." खाली माझं पूर्ण नाव. पाठवलं.

बा चष्मा लावून समोर खाटेवर बसलेत. थोड्या थोड्या वेळाने विचारतात, आलं का?